अनवाणी, पण बुटांतून!

गेल्या दिवाळीतल्या पाडव्याची गोष्ट. ह्यांना ओवाळले आणि तबकाकडे पाहिले, तर नेहमीचे पाकीट नव्हते. त्याऐवजी पाटाशेजारी पुठ्ठ्याचे एक खोके ठेवलेले होते. उघडले, तर आत काळ्या रंगाचे, हातात घेतल्यावर घेतलेसे वाटू नये इतके हलके बूट!

आई दिवाळीला आमच्याकडे आली होती. वय अठ्ठ्याहत्तर, पण नजर शाबूत. तिने त्यातला एक बूट उचलला, दोन्ही टोके धरून वाकवला, आणि काय सांगू, पोळीसारखी त्याची चक्क घडी झाली!

"अगं, याला सोल कुठं आहे?" ती म्हणाली. "जावईबापूंना दुकानदारानं झिजलेले बूट दिलेन् की काय?"

ह्यांनी हसत हसत खुलासा केला की, बूट झिजलेले नाहीत, ते मुळातच असे आहेत. पायात काही नाही असे वाटावे म्हणूनच ते बनवतात. यावर आई एवढेच म्हणाली, "पायात काही नको, तर मग पैसे कशाचे दिलेत?"

वाचकहो, तो प्रश्न त्या दिवशी आम्ही हसण्यावारी नेला. त्याचे उत्तर मला पुढे तीन महिन्यांनी मिळाले, आणि तेही पाय उशीवर ठेवून पडल्या पडल्या!

हे खूळ आले कुठून?

या बुटांची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनची शर्यत संध्याकाळी सुरू झाली आणि रात्री मशालींच्या उजेडात संपली. कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी सर्वांच्या आधी येऊन पोचला तो इथियोपियाचा अबेबे बिकिला, आणि त्याच्या पायांत बूट नव्हते! दोन तास पंधरा मिनिटे सोळा सेकंद ही त्याची वेळ त्या काळची जगातली सर्वोत्तम होती. 'अनवाणी पाय बुटांना हरवतात' अशी दंतकथा त्या रात्रीपासून सुरू झाली. मात्र याच बिकिलाने चार वर्षांनी, १९६४ साली, टोकियोत पुन्हा सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्याने दोन तास बारा मिनिटे अकरा सेकंद घेतले, आणि त्या वेळी त्याच्या पायांत बूट होते! दंतकथा सांगणारे ही दुसरी गोष्ट सहसा सांगत नाहीत.

१९७०च्या दशकात अमेरिकेत हौसेने धावणाऱ्यांची लाट आली, आणि बुटांच्या टाचेखाली गाद्या चढू लागल्या. त्या वर्षानुवर्षे जाड होत गेल्या. पुढे २००९ साली ख्रिस्तोफर मॅकडूगल या अमेरिकन लेखकाचे मेक्सिकोतल्या ताराहुमारा लोकांवरचे पुस्तक गाजले. हे डोंगरातले लोक पातळ तळाच्या साध्या वहाणा बांधून मैलोन् मैल धावतात. लगेच २०१० साली हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांचे संशोधन 'नेचर' या नियतकालिकात आले. त्यांनी दाखवले की, ज्यांना अनवाणी धावायची जन्मापासून सवय आहे, ते बहुधा चवड्यावर उतरतात. गादीचे बूट घालणारे बहुतेक जण मात्र टाच आधी आपटतात. चवड्यावर उतरले म्हणजे पाय स्प्रिंगेसारखा दबतो, आणि जमिनीचा पहिला दणका सौम्य होतो.

झाले! पाचही बोटे हातमोज्यासारखी वेगळी दिसणाऱ्या बुटांपासून नुसत्या दोरी-तळव्याच्या वहाणांपर्यंत नाना प्रकार बाजारात आले. पण उत्साहाची लाट ओसरायलाही वेळ लागला नाही. २०१३ साली केनियातल्याच दासनच या अनवाणी राहणाऱ्या लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा आपल्या सोयीच्या वेगाने धावताना त्यांतले बहुसंख्य लोक टाचेवरच उतरत असल्याचे दिसले! म्हणजे निसर्गाचा नियम एकच एक नव्हता. २०१४ साली त्या पाच बोटांच्या बुटांच्या व्हायब्रम कंपनीने अमेरिकेतला एक दावा साडेसदतीस लाख डॉलरांपर्यंत भरपाई देऊन मिटवला. 'हे बूट पाय बळकट करतात, दुखापती टाळतात', या जाहिरातीला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे त्या दाव्याचे म्हणणे होते. कंपनीने आपली चूक मात्र मान्य केली नाही.

माझा पराक्रम

यातले काहीही मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला ठाऊक होती ती माझ्या वडिलांची गोष्ट. वडील रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. जांभ्याच्या कातळावरून रोज जाऊन-येऊन तीन कोस अनवाणी चालत त्यांनी शाळा केली. लहानपणी ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती, की अनवाणी चालणे हा आमच्या घराण्याचा वारसाच आहे, असे मनाने घेतले होते.

गुडघा कुरकुरायला लागल्यामुळे मी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तीन वर्षांच्या सवयीनंतर, धावणे सोडायच्या बेतात होते. नव्या बुटांनी पहिल्याच दिवशी गुडघ्याला बरे वाटले. मग काय विचारता! शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पहिल्याच आठवड्यात रोज चार-चार फेऱ्या. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. मी म्हटले, सवय होईल. तिसऱ्या आठवड्यात उजव्या चवड्यावर, बोटांच्या मागे, एका ठिकाणी सणक येऊ लागली. मी म्हटले, जाईल. महिन्याअखेर मला स्वयंपाकघरात उभे राहवेना.

क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही. एम.आर.आय.मध्ये दिसली ती चवड्याच्या लांब हाडात केसाएवढी चीर. डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. आपल्या एकेका पावलात सव्वीस हाडे असतात. जाड गादीच्या बुटात टाच उंचावर असते आणि धावण्याचा भार गुडघ्यावर अधिक येतो. पातळ बुटात तो भार नाहीसा होत नाही, तो खाली सरकतो. पोटरी, टाचेमागची जाड शीर आणि चवड्याची हाडे यांवर तो येतो. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. हाडाला आणि शिरेला त्याहून फार अधिक काळ लागतो. "तुमच्या गुडघ्यावरचं कर्ज तुम्ही चवड्याच्या नावावर केलंत," डॉक्टर म्हणाले, "आणि हप्ते बांधून न घेता!"

अमेरिकेत २०१३ साली झालेल्या एका प्रयोगाची हकीगत मी नंतर वाचली. दहा आठवड्यांत पातळ बुटांकडे वळलेल्या एकोणीस धावपटूंपैकी दहा जणांच्या पायाच्या हाडात सूज वाढलेली आढळली. म्हणजे मी काही एकटी शहाणी नव्हते!

सहा आठवडे सक्तीची विश्रांती मिळाली. त्या दिवसांत आई माझ्याजवळच राहिली. एकदा मी वैतागून म्हटले, "बाबा जन्मभर अनवाणी चालले. त्यांना कधी काही झालं नाही. मलाच का?"

आई भाजी निवडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "अगं, ते हौसेनं नव्हते चालत. त्यांना पायताण नव्हतं. टाचांच्या भेगांतून रक्त यायचं. लग्न झाल्यावर कितीतरी वर्षं मी रात्री त्यात कोकमाचं तेल भरत होते. पहिल्या पगारात त्यांनी काय घेतलं ठाऊक आहे? स्वतःला आणि धाकट्या भावाला चपला."

मी गप्प झाले. ज्याचा मी वारसा म्हणून तोरा मिरवत होते, ती वडिलांची ओढगस्त होती. आणि त्यातून जे बळ आले होते, तेही त्यांना बालपणापासून पावलापावलाने मिळालेले. ते मला खोक्यात घालून कोण देणार?

बूट निवडताना

तरीही मी ते बूट टाकून दिले नाहीत. डॉक्टरांनीही टाका म्हटले नाही. चूक बुटांची नव्हती, घाईची होती. ज्यांना असे बूट घ्यावेसे वाटतात, त्यांनी अनुभवाच्या या चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट रुंदीची. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कोऱ्या कागदावर दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहा आणि पावलाभोवती पेन्सिलीने रेघ काढा. मग रोजचा बूट त्या आकृतीवर ठेवून पाहा. बहुतेकांच्या बाबतीत बूट पावलाहून अरुंद निघेल! चांगल्या बुटात बोटांना पसरायला जागा हवी, आणि सर्वांत लांब बोटापुढे निदान एक सेंटिमीटर मोकळे हवे. एक पाय दुसऱ्याहून मोठा असणे साधारण आहे. माप मोठ्या पायाचे घ्यावे.

दुसरी गोष्ट उतरणीची. नेहमीच्या धावण्याच्या बुटात टाच चवड्याहून आठ ते बारा मिलिमीटर उंच असते. या बुटांत ती एका पातळीत, किंवा फार तर किंचित उंच असते. एवढ्या-तेवढ्याने काय होते, असे वाटेल, पण पोटरीला तो फरक पहिल्याच दिवशी कळतो. म्हणून पहिला जोड अगदी कागदासारखा घेऊ नये, मधल्या जाडीचा घ्यावा.

तिसरी गोष्ट लवचीकपणाची. बूट आईने केला तसा दुमडून पाहावा, आणि धुणे पिळतो तसा पिळूनही पाहावा. जो दोन्ही परीक्षांत उतरेल आणि ज्याच्या आत तळव्याच्या कमानीला टेकू देणारा उंचवटा नसेल, तो खरा. वजन एका बुटाचे दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर असावे.

चौथी गोष्ट आपल्या रस्त्यांची. पावसाळ्यात फरशीवर घसरणार नाही असा तळ पाहावा. खडी आणि काच यांना दाद न देणारा पातळ सोलही मिळतो. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून मात्र कोणतेच बूट घालून धावू नये. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने काय केले, ते आपण पाहिलेच आहे. आणि कोणी विचारील, आपली कोल्हापुरी काय वाईट? चालायला ती उत्तमच, पण टाच धरून ठेवणारा पट्टा तिला नसतो. धावायला ती नव्हे.

घालताना

पहिले दोन आठवडे धावूच नये. घरात अनवाणी वावरावे. जमिनीवरचा रुमाल पायाच्या बोटांनी उचलावा. जिन्याच्या पायरीवर चवडे टेकून टाचा सावकाश वरखाली कराव्यात. मग नव्या बुटांतून वीस-तीस मिनिटे चालावे. ते अंगवळणी पडले म्हणजे चालता चालता मधूनच एकेक मिनिट पाच वेळा धावावे, तेही एक दिवसाआड. बाकीचे धावणे जुन्या बुटांतच करावे. दर आठवड्याला थोडीशीच भर घालत जावे. पूर्ण बदलाला चार-सहा महिने लागले, तर ते उशिरा झाले असे समजू नये.

पावले छोटी आणि भराभर टाकावीत. पाऊल शरीराच्या पुढे न फेकता शरीराखाली उतरवावे, आणि आवाज होऊ देऊ नये. चवड्यावर उतरायचे म्हणून टाच मुद्दाम अधांतरी ठेवायची नाही. तिलाही जमिनीला टेकू द्यावे. पोटऱ्या दोन दिवस ठणकल्या, तर घाबरू नये. पण हाडावर एका बोटाने दाखवता येईल असे दुखू लागले, किंवा सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ आली, तर त्याच दिवशी थांबावे. मी थांबले नाही, म्हणून हे आवर्जून सांगते.

मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी या वाटेला जाऊच नये. टोचलेले कळत नाही, आणि न कळलेली जखम चिघळते. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत, किंवा टाच, घोटा वा चवडा आधीच दुखावलेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून पैसे खर्च करू नयेत. आणि ज्यांना आपल्या नेहमीच्या बुटांत काहीच दुखत नाही, त्यांनी केवळ फॅशन म्हणून बदलायचे काही कारण नाही. एका प्रकारच्या बुटांनी एकूण दुखापती कमी होतात, असे अजून कोणी निश्चित सिद्ध केलेले नाही. दुखण्याची जागा तेवढी बदलते.

कागदावरची रेघ

फेब्रुवारीत मी पुन्हा सुरुवात केली, ती घरातल्या रुमालापासून. आता आठवड्यातून दोनदा पार्काभोवती दोन फेऱ्या त्या पातळ बुटांतून मारते, आणि लांब धावायचे असेल तेव्हा जुने गादीचे बूट घालते. गुडघा कुरकुरत नाही आणि चवडाही.

परवा आई पुन्हा दिवाळीसाठी आली. तिच्या चपला दाराशी काढलेल्या पाहिल्या आणि माझे लक्ष तिच्या अंगठ्याकडे गेले. वर्षानुवर्षे अरुंद चपलांत दाबला जाऊन तो शेजारच्या बोटावर कलला आहे. इतक्या वर्षांत माझ्या हे कसे ध्यानात आले नाही? मी कोरा कागद आणला, तिला त्यावर उभे केले आणि खाली बसून तिच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवली. यंदा पाडव्याला तिच्यासाठी रुंद पंज्याच्या, मऊ चपला आणायच्या होत्या.

आई खाली वाकून बघत होती. म्हणाली, "ही काय तुझी नवी विद्या? ही तर जुनीच रीत. त्या पहिल्या पगाराच्या वेळी धाकट्या भावाच्या पायाचा असाच कागद खिशात घालून तुझे बाबा मुंबईत चपला बघत हिंडले होते."