टाय घातलेली गायिका, मागे उभा पोलीस : १९२८ ची ही जाहिरात काय सांगते?

'मा रेनीज ब्लॅक बॉटम' हा २०२० सालचा सिनेमा पाहिला असेल, तर मा रेनी हे नाव ओळखीचं असेल. अमेरिकेतली ही कृष्णवर्णीय गायिका 'ब्लूजची आई' म्हणून ओळखली जाते.

१९२८ मध्ये तिच्या एका रेकॉर्डची जाहिरात आली. चित्रात हॅट, कोट आणि टाय घातलेली मा रेनी रस्त्यावर दोन तरुणींशी बोलतेय. मागे एक पोलीस त्यांच्यावर नजर ठेवून आहे.

गाणं होतं 'प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज'. आपल्याला बायकांचाच सहवास आवडतो, असं यातली बाई सुचवते आणि कुजबुजणाऱ्यांकडे थेट पुरावा मागते. समलैंगिक संबंधांवरून अटक होऊ शकत होती, तो हा काळ.

मग असं गाणं बाजारात आलं कसं?

१९२० मध्ये मेमी स्मिथचं 'क्रेझी ब्लूज' तुफान खपलं. कृष्णवर्णीय लोकही पैसे मोजून रेकॉर्ड घेतात, हे कंपन्यांना कळलं. त्यांनी 'रेस रेकॉर्ड्स' नावाचा वेगळा कप्पाच केला. जाहिराती 'शिकागो डिफेंडर'सारख्या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत यायच्या. मा रेनीच्या रेकॉर्ड काढणारी पॅरामाउंट तर मुळात एका फर्निचर कंपनीची होती. खप होतोय ना, मग गाण्यात काय आहे याची फिकीर कुणाला?

हा कप्पा वर्णभेदातून आला होता. पण गायिकांनी त्यातच आपली जागा शोधली. मारकुटा नवरा, तुरुंग, बाईची स्वतःची इच्छा, सगळं गाण्यात आलं. बेसी स्मिथने 'वॉशवुमन्स ब्लूज'मध्ये दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्या बाईचे कष्ट गायले.

प्रेमावर इतका भर का? अभ्यासक अँजेला डेव्हिस यांनी १९९८ च्या पुस्तकात याचं उत्तर दिलंय. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, तरी गरिबी आणि वर्णभेद संपले नाहीत. पण जोडीदार निवडण्याचा हक्क मात्र मिळाला. त्यामुळे 'मला कोण आवडतं' हे गाणं म्हणजे स्वातंत्र्याचीच गोष्ट होती.

पैसा मात्र कंपन्यांकडे गेला. बेसी स्मिथला कोलंबिया कंपनीकडून गाण्यामागे ठरावीक रक्कम मिळायची, रॉयल्टी नाही. १९३७ मध्ये अपघातात तिचा मृत्यू झाला. तिच्या कबरीवर नावाचा दगड लागला थेट १९७० मध्ये. त्याचा खर्च उचलणाऱ्यांत एक होती रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन, बेसीची गाणी ऐकतच घडलेली.