फेलोशिपची पहिली तारीख

नागपूरचं हिवाळी अधिवेशन आलं की यशवंत स्टेडियमवरच्या मंडपांत संशोधक विद्यार्थ्यांचाही एखादा मंडप दिसतो आणि सभागृहात त्यांच्या संख्येवरून खडाजंगी होते. डिसेंबर २०२३ मध्ये काँग्रेसचे आमदार सतेज पाटील यांनी ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेच्या फेलोशिपच्या जागा २०० वर का आणल्या, असं विचारलं, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, असा उलट प्रश्न केला. पुढे त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पण वाद तेव्हापासून त्या दिव्यांभोवतीच फिरतो आहे. फेलोशिप किती जणांना द्यायची, कोणत्या विषयांना द्यायची, त्यातून समाजाला काय मिळणार, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोलून झालं.   ज्यांना ती रीतसर मंजूर झाली आहे त्यांच्या खात्यात पैसे कोणत्या तारखेला पडतात, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्या वादाची नाडी त्या तारखेत आहे.

रकमेबद्दल तक्रार करायला तशी जागा कमी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) कनिष्ठ फेलोशिप २०१९ मध्ये २५ हजारांवरून ३१ हजार झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७ हजार. दोन वर्षांनी समितीपुढे काम मांडून वरिष्ठ झालं की ४२ हजार, वर घरभाडं आणि वर्षाची आकस्मिक खर्चाची रक्कम. नेट नसलेल्यांना केंद्रीय विद्यापीठांत मिळणारे ८ हजार गेलं दशकभर तिथंच अडकले आहेत, तो वेगळा आणि जास्त संतापजनक विषय. पण ३७ हजार महिन्याच्या महिन्याला आले तर पुण्यात एकट्या माणसाचं भागतं. अडतं ते ‘महिन्याच्या महिन्याला’ या शब्दांवर. यूजीसीची फेलोशिप कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून येते. ती आपोआप येत नाही. विद्यार्थी या महिन्यात कामावर होता, असं विद्यापीठाने दर महिन्याला पोर्टलवर कळवायचं असतं. एक कर्मचारी ‘मेकर’, तो नोंद भरतो. दुसरा ‘चेकर’, तो ती मंजूर करतो. या साखळीत गाइडची सही आहे, विभागप्रमुखाची सही आहे, आवक-जावक क्रमांक आहे. मेकर रजेवर गेला, परीक्षेच्या कामाला जुंपला गेला किंवा त्याची बदली झाली, की त्या महिन्याची फेलोशिप तिथंच थांबते. पैसे दिल्लीत असतात, हक्क विद्यार्थ्याचा असतो आणि मधे एक क्लिक राहिलेलं असतं. यात कुणाचा दुष्टावा नाही, आणि म्हणूनच कुणी जबाबदारही नाही.

राज्याच्या संस्थांची गोष्ट आणखी पुढची. तिथं तारीख सोडाच, नियमही वाटेत बदलतात. ‘बार्टी’ या राज्याच्या संस्थेच्या ८६१ पात्र विद्यार्थ्यांपैकी २०० जणांनाच फेलोशिप, असं ठरल्यावर २०२३ मध्ये आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे धरणं चाललं. मग बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या सगळ्या संस्थांसाठी सामायिक चाळणी परीक्षा आली. २४ डिसेंबर २०२३ च्या त्या परीक्षेत २०१९ च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका आल्याची ओरड झाली, ती रद्द करावी लागली, आणि १० जानेवारीला पुन्हा घेतली तर प्रश्नपत्रिकांच्या सीलवरून नवा गदारोळ. हे सगळं चालू असताना ही मुलं पीएचडीला आधीच नोंदणी करून बसलेली होती. विद्यापीठाचं घड्याळ त्यांच्यासाठी सुरू झालेलं होतं. २०२२ च्या यूजीसी नियमांत पीएचडीला कमीत कमी तीन आणि साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत. फेलोशिपचा निर्णय लागेपर्यंत त्यातलं वर्ष-दीड वर्ष सहज निघून जातं.

इथं हमखास उत्तर येतं, की उशिरा का होईना, थकबाकीसकट मिळतात ना पैसे! मिळतात, खरं आहे. पण थकबाकी भरून येते ती हिशेबाच्या वहीत. मेसवाला ॲडव्हान्स मागतो तेव्हा मंजुरीचं पत्र चालत नाही, आणि खोलीमालक डिपॉझिटच्या जागी जीआरची प्रत ठेवून घेत नाही. ज्याच्या घरी ऊस आहे किंवा पगारदार वडील आहेत, तो आठ महिने निवांत काढतो. मग एकरकमी तीनेक लाख आले की त्याला ते बक्षिसासारखे वाटतात. ज्याच्या घरी यातलं काही नाही तो तिसऱ्या महिन्यात तासिका तत्त्वावर शिकवायला जातो, जे फेलोशिपच्या अटींत बसत नाही, किंवा गावी परततो. म्हणजे गरिबांसाठी काढलेली योजना निव्वळ उशिरामुळे गरिबांनाच गाळते, आणि ज्याला गरज सर्वांत कमी तो शेवटपर्यंत टिकतो. जागा २०० ठेवा की २ हजार, ही गळती तशीच राहते.

या सगळ्या संस्थांच्या भिंतींवर ज्यांची तसबीर आहे त्यांचं उदाहरण तर ढळढळीत आहे. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि १९१७ मध्ये परतले. का, तर शिष्यवृत्तीची मुदत संपली. प्रबंध अर्धवट. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत येऊन पुरा करण्याची सवलत दिली म्हणून दार उघडं राहिलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, राजर्षी शाहूंनी मदत केली, नवल भथेना या मित्राने ५ हजार रुपये उसने दिले, तेव्हा १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठता आलं. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली १९२३ मध्ये. खंड पडूनही त्यांनी पुरं केलंच की, असं यावर कुणी म्हणेल. केलं, पण ज्याला शाहू महाराज आणि भथेना भेटत नाहीत त्याने काय करायचं, याची व्यवस्था म्हणूनच तर या संस्था निघाल्या.

वजनदार आक्षेप एकच आहे, तो दर्जाचा. पीएचडी म्हटलं की कॉपी-पेस्ट प्रबंध, विकत लिहून मिळणारी प्रकरणं, फेलोशिपपुरती केलेली नोंदणी, असं बोललं जातं आणि त्यात तथ्य आहे. पण ही चाळणी लावायची जागा विद्यापीठाची संशोधन सल्लागार समिती आहे. तिच्यापुढे विद्यार्थ्याने दर सहामाहीला कामाची प्रगती मांडायची असते. ती बैठक चहा-बिस्किटांत उरकायची आणि मग कोषागाराने पैसे अडकवून दर्जा राखायचा, हा उफराटा कारभार झाला. आळशी विद्यार्थ्याला उशिराचं काहीच वाटत नाही. त्याला कुठं जायचं असतं?

तोडगा अवघड नाही आणि महागही नाही. विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा पगार हजेरीपत्रक दिल्लीला पाठवून मागवावा लागत नाही. नोकरी चालू आहे हे गृहीत धरून तो निघतो, आणि गैरहजेरी असेल तर नंतर कापतात. फेलोशिपलाही हेच उलटं गृहीतक लावता येईल. मार्गदर्शकाने हरकत नोंदवली तरच पैसे थांबतील, एरवी जातील. राज्याच्या संस्थांनी निवड नोंदणीच्या वर्षातच पुरी करावी, आणि ती होईपर्यंत विद्यापीठाने आगाऊ रक्कम देऊन नंतर संस्थेकडून वळती करून घ्यावी. यासाठी विद्यापीठाकडे थोडा फिरता निधी लागेल, आणि निवड न झालेल्यांना दिलेले पैसे बुडण्याची जोखीम कुणाला तरी घ्यावी लागेल. आज ती जोखीम बावीस-चोवीस वर्षांची मुलं घेत आहेत, मेसच्या उधारीवर.