पिटहोल: नळ राहिला, गाव गेलं

पेनसिल्व्हेनियातल्या वेनांगो परगण्यात एका उतारावर गवत कापून रस्ते आखून ठेवले आहेत. कडेला पाट्या, तळघरांचे बुजत आलेले खड्डे, आणि घर एकही नाही. हे पिटहोल. जानेवारी १८६५ मध्ये इथल्या फ्रेझर विहिरीला तेल लागलं, मे महिन्यात थॉमस होल्मडेनच्या शेतात प्लॉट पडले आणि सप्टेंबरपर्यंत वस्ती पंधरा हजारांच्या घरात गेली. पन्नासच्या वर हॉटेलं उभी राहिली.

आम्ही चेन्नईजवळच्या आवडी गावचे. रणगाड्यांच्या कारखान्याभोवती गाव कसं वाढतं हे रोज बघतो, म्हणून त्या खड्ड्यांपाशी जीव गलबलतो.

तेल निघत होतं, पण ते न्यायचं कसं? चिखलात घोडे पोटापर्यंत रुतायचे आणि गाडीवाले एका पिंपाला तीन डॉलरपर्यंत भाडं घ्यायचे. सॅम्युएल व्हॅन सिकेल या तेलाच्या व्यापाऱ्याने मिलर फार्मच्या रेल्वेपर्यंत दोन इंची लोखंडी नळ टाकला. पाच मैलांचा. आट्यांनी जोडलेले तुकडे, मध्ये वाफेचे पंप. ऑक्टोबर १८६५ मध्ये त्यातून तासाला सुमारे ८० पिंपं तेल वाहू लागलं. शेकडो गाड्यांचं काम त्या बोटभर नळाने उचललं. गाडीवाल्यांनी कुदळीने तो उखडला, तेव्हा बंदूकधारी पहारा बसवावा लागला. त्यांचा राग मला समजतो. गाडीवाला गेला की नालबंद, खानावळ, तबेला, सगळ्यांचाच धंदा बसतो.

पुढे विहिरी आटल्या, आगी लागल्या, बँक बुडाली. १८७० च्या जनगणनेत माणसं उरली २३७. काही वर्षांनी गावाची जमीन ४ डॉलर ३७ सेंटला विकली गेली. व्हॅन सिकेललाही नळ लाभला नाही. कर्जापायी तो नळ बँकेकडे गेला.

त्याची युक्ती मात्र जगभर पसरली. मुंबई हायचं तेल समुद्रतळावरच्या नळांतून उरणला येतं. आमच्या पूर्वेला मनालीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात चेन्नई बंदरातून कच्चं तेल येतं, तेही नळानेच. त्या वाटेवर ना गाडीवाला लागतो, ना मुक्कामाचं गाव.