काळ्या मातीत कोणती ढकलगाडी चालेल? दुकानात माल भरताना आधी चाक बघा

अमरावती-अकोल्यात हार्डवेअरच्या किंवा कृषी साहित्याच्या दुकानाबाहेर ढकलगाडी उभी दिसते. झकास रंग, चकचकीत पत्रा. गिऱ्हाईक दांडे उचलून बघतं, भाव करतं आणि घेऊन जातं. पण पहिल्याच पावसात तीच गाडी शेतात रुतली की तक्रार घेऊन परत येतं. उरलेला माल मग दुकानातच पडून राहतो आणि दुकानदाराचा पैसा अडकतो. वऱ्हाडात विकायला नेमकी कोणती गाडी ठेवावी?

आधी माती बघा

वऱ्हाडातली बरीचशी शेती काळ्या, चिकण मातीत आहे. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. ओली माती चाकाला चिकटते. चाक आणि फ्रेम यांच्यात जागा कमी असेल, तर चिखल तिथेच भरतो आणि चाक फिरायचं थांबतं. म्हणून चाकाच्या दोन्ही बाजूंना किमान दोन बोटं मोकळी जागा हवी.

रुंद चाकावर वजन पसरतं, त्यामुळे ते कमी रुतते. मोठं चाक ढेकळं आणि भेगा सहज ओलांडतं. बैलबंडीची चाकं मोठी असतात, त्याचंही हेच कारण. तरी वापसा येण्याआधी चिखलात कोणतीच गाडी नीट चालत नाही. हे विकतानाच सांगितलं, तर पुढची कटकट टळते.

एक चाक की दोन?

युरियाची गोणी ४५ किलोची असते. दोन गोण्या म्हणजे ९० किलो. एकचाकी गाडीत आसापासून वजनाचा मध्य ५० सेंटिमीटरवर आणि हाताची पकड १५० सेंटिमीटरवर असेल, तर हातांवर साधारण ३० किलो भार येतो. गाडीचं वजन वेगळंच. दोनचाकी गाडीत माल आसाच्या वर बसतो, त्यामुळे हातांवर फार थोडा भार येतो आणि गाडी कलंडतही नाही.

बागेत शेणखत किंवा फळं वाहण्याचं काम अनेकदा मजूर बायका डोक्यावर घमेलं, टोपली घेऊन करतात. त्यांना दोनचाकी गाडी सोयीची पडते. अरुंद बांधावर किंवा बांधकामाच्या फळीवर मात्र एकचाकीच कामाची. दुकानात दोन्ही प्रकार हवेत.

हवेचं चाक की भरीव?

बांधावर बाभळीचे काटे असतात, त्यामुळे हवेचं चाक पंक्चर होणार हे गृहीत धरा. भरीव चाकाला ती भीती नाही, पण खडबडीत रस्त्यावर ते हादरे देतं. हवेचं चाक ठेवायचं असेल, तर टायरवरचा आकडा वाचा. ४.००-८ हा ऑटोरिक्षाला चालणारा माप आहे, त्यामुळे टायर-ट्यूब तालुक्याच्या गावातही मिळते. वेगळ्याच मापाचं चाक असेल, तर एका ट्यूबसाठी अख्खी गाडी पडून राहते.

पत्रा किती जाड?

इथे बरेच जण फसतात. गेजचा आकडा वाढतो, तसा पत्रा पातळ होतो. १६ गेजचा पत्रा साधारण १.६ मिलिमीटर, तर २० गेजचा ०.९ मिलिमीटर. दगड-विटा वाहायच्या असतील, तर जाड पत्रा घ्या. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागांत पाणी खारट आहे. गाडी त्याच पाण्याने धुतली आणि तिच्यातून खतही वाहिलं, तर रंग निघालेल्या जागी लवकर गंज चढतो. अशा ठिकाणी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा बरा. प्लॅस्टिकची पेटी गंजत नाही, पण कायम उन्हात राहिली तर तडकते.

कोणासाठी, केव्हा?

वरूड-मोर्शीच्या संत्रा बागांत झाडांच्या ओळींमध्ये दोनचाकी गाडी आरामात जाते. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबरपासून तोडणीला येतात, म्हणून हा माल दसऱ्याआधी भरावा. शेंदुरजनाघाट परिसरात संत्र्याच्या रोपवाटिका आहेत. तिथे रोपांच्या पिशव्या आडव्या होऊ नयेत म्हणून खोल पेटीपेक्षा सपाट तळाची गाडी उपयोगी. शेणखत टाकायचं काम पावसाळ्यापूर्वी असतं, त्यासाठी उन्हाळ्यातच साठा हवा. शहरातल्या बंगल्याच्या बागेसाठी लहान गाडी पुरते, पण गिऱ्हाइकाला आधी फाटकाची रुंदी मोजून यायला सांगा.

घाऊक माल घेण्याआधी

एक नमुना मागवा. त्यात दोन गोण्या भरा आणि ओल्या, वापसा आलेल्या आणि कोरड्या अशा तिन्ही जमिनींवर गाडी ढकलून बघा. चाक डुगडुगतं का, बेअरिंग बाजारात मिळतं का, जोडकाम नीट आहे का, हे तपासा. सुट्टे टायर, ट्यूब आणि नट-बोल्टही सोबत घ्या. रंग बघून गाडी एकदा विकली जाते. शेजाऱ्याची गाडी शेतात चालताना बघितली, की दुसरं गिऱ्हाईक आपणहून दुकानात येतं.