माहीमच्या जत्रेतला आकाशपाळणा

शीव कोळीवाड्यातल्या लेकरांना आकाशपाळणा म्हटलं की माहीमची जत्राच आठवते. डिसेंबरात मखदूम अली माहिमी बाबांच्या उरुसाला दहा दिवस जत्रा भरते आणि संदलचा पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो. जीटीबी नगरहून (जुनं नाव कोळीवाडा स्टेशन) वडाळ्याला गाडी बदलली की थेट माहीम.

पाळण्यात बसण्याआधी पाळणेवाल्याकडे नीट बघा. तो ओळीने माणसं भरत नाही. एका पाळण्यात चौघं बसली की चाक अर्धं फिरवून समोरच्या पाळण्यात चौघं बसवतो. वजन दोन्ही बाजूंना सारखं असलं की चाक फिरवायला कमी जोर लागतो, झटके बसत नाहीत. पाळणा वरच्या दांड्याला टांगलेला असतो, म्हणून चाक कसंही फिरलं तरी आपण सरळच राहतो. आणि माथ्यावरून खाली येताना पोटात जो गोळा येतो, तो बसकण आपल्याला नेहमीपेक्षा कमी रेटते म्हणून.

या चाकाचा थोरला पूर्वज १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात उभा राहिला. पूल बांधणाऱ्या जॉर्ज फेरिसने २६४ फूट उंच चाक केलं. त्याला ३६ डबे आणि एकेका डब्यात ६० माणसं! लंडन आय नावाचं चाक १३५ मीटर उंच आहे, पण ते इतकं सावकाश फिरतं की पोटात गोळा येतच नाही. मला माहीमचाच पाळणा आवडतो. वरून एका बाजूला काळोखा समुद्र आणि खाली जत्रेचे दिवे दिसतात.

लहानग्यांना मधे बसवा, दांडा घट्ट धरा आणि मोबाईल खिशातच ठेवा.