अंगावरचा बटवा

आमच्या घरांतील मंडळी सहलीस निघाली म्हणजे तयारींत कांहीं उणें पडत नाहीं. दशम्यांचे डबे, आईची औषधांची पेटी, सतरंज्या, पाण्याच्या कळशा, मोठा विजेचा दिवा, मुलांचे जादा कपडे असा सगळा संसार मोटारीच्या टपावर चढतो. कांहीं वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत आम्ही अकरा माणसें गोंदियाहून दरेकशाजवळचा हाजरा धबधबा पाहण्यास गेलों, तेव्हांही असेंच झालें होतें. दुपारचें जेवण यथासांग पार पडलें. वडील मंडळी सतरंजीवर कलंडली. थोरल्या बंधूंचा तेरा वर्षांचा मुलगा गुळगुळीत दगड वेंचीत ओढ्याच्या कांठानें पुढें गेला, आणि परततांना त्याची पायवाट चुकली.

डिसेंबरांत आमच्याकडे साडेपांचाच्या सुमारास सूर्य मावळतो. साग-बांबूच्या रानांत त्याच्याही आधीं अंधारून येतें. आम्ही हांका मारल्या, त्यानेंही मारल्या. परंतु पाण्याच्या आवाजांत दोन्हीकडच्या हांका बुडून गेल्या. थोड्याच वेळांत त्याचा घसा बसला, आणि घाबरून पळतांना पायही मुरगळला. आमच्याजवळ सर्व कांहीं होतें. दिवा होता, पांघरुणें होतीं, औषधें होतीं. तें सारें मोटारींत होतें, आणि मुलगा रानांत होता.

अडीच तासांनीं ओढ्याच्या वाळूंत दूरवर एक लहानशी आग दिसली. लाकडांची मोळी बाजूस ठेवून जवळच्या पाड्यावरील एक गोंड बाई तेथें बसली होती. तिच्या शेजारीं, तिचेंच लुगडें अंगाभोंवतीं ओढून, आमचा मुलगा पानांतला भात खात होता. पाय सुजलेल्या मुलास अंधारांत निसरड्या दगडांवरून चालविण्यापेक्षां तिनें त्याला जागच्या जागीं बसविलें, आग केली, आणि आगीच्या खुणेनें कोणी येईल म्हणून वाट पाहिली. तिच्या ओच्यांत प्लॅस्टिकच्या कागदांत गुंडाळलेली काडेपेटी होती. हातांत विळा, पळसाच्या पानांत बांधलेला भात आणि भोपळ्याच्या तुंब्यांत पाणी होतें. याहून अधिक कांहीं नव्हतें, आणि अधिक कांहीं लागलेंही नाहीं.

त्या रात्रीं मुलें निजल्यावर वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, एवढें सामान आपण नेलें, पण त्याच्या खिशांत काय होतें?”

त्याच्या खिशांत वडिलांचा जुना मोबाईल होता, त्याला तेथें रेंज नव्हती. आणि लिमलेटच्या दोन गोळ्या होत्या. वहिनींच्या या प्रश्नास मजपाशीं उत्तर नव्हतें. तें शोधण्यांत पुढील कांहीं महिने गेले, आणि जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

सामान आणि बटवा यांत मोठा भेद आहे. सामान सोयीसाठीं असतें व तें गाडींत राहतें. बटवा प्राणासाठीं असतो व तो अंगावर राहतो. माणूस चुकतो तो नेमका सामानापासून दूर गेल्यावरच चुकतो. आपल्या पूर्वजांस हें ठाऊक होतें. प्रवासी गडी कमरेच्या कशांत चकमक, पोलाद आणि कापूस बाळगी. घरांतील वृद्ध स्त्रीचा बटवा तर म्हणीसारखाच झाला आहे. ही रीत केवळ आपलीच नव्हे. १९९१ सालीं इटली व ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरील बर्फांत पांच हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या एका माणसाचें शरीर सांपडलें. त्याच्या कमरेच्या पिशवींत गारगोटीचीं लहान हत्यारें, हाडाची आरी आणि ठिणगी धरणारी वाळलेली अळंबी होती. शिवाय झाडाच्या सालीच्या डब्यांत ताज्या पानांत गुंडाळून निखारे नेण्याची त्याची सोय होती. इतक्या काळानंतरही त्या यादींत आपण फारशी भर घालूं शकत नाहीं.

आमच्या जिल्ह्यांत तर अशा बटव्याचें प्रयोजन पावलोपावलीं आहे. नवेगांवबांधचें राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचें. नागझिरा व आसपासचीं अभयारण्यें त्यास जोडून २०१३ सालीं व्याघ्रप्रकल्प झाला. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळें तें रान साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे, आणि तें पाहण्यास दूरदूरचीं कुटुंबें येतात. माघी पौर्णिमेस कचारगडच्या गुहांकडे गोंड बांधवांची प्रचंड यात्रा लोटते. महाशिवरात्रीस प्रतापगडचा डोंगर चढणाऱ्यांची दाटी होते. चैत्रांत मोहफुलें वेंचण्यास आणि वैशाखांत तेंदूपानें तोडण्यास खेड्यापाड्यांतील माणसें पहांटेच रानांत शिरतात. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो आणि थंडींत रात्रीं तो १० अंशांच्या खालीं उतरतो. म्हणजे उष्म्यानें व गारठ्यानें, दोहोंनींही येथें माणूस दगावूं शकतो.

आतां बटव्यांत काय असावें तें पाहूं. वस्तु निवडण्याची कसोटी साधी आहे: हांक, ऊब, पाणी, उजेड आणि औषध या पांचांपैकीं एकाची तरी गरज जी भागवीत नाहीं, ती घेऊं नये. सगळा बटवा पाव किलोच्या आंत बसावा; जड झाला कीं तो घरीं राहतो.

पहिला मान शिटीचा. माणसाचा घसा अर्ध्या तासांत बसतो. शिटी श्वास आहे तोंवर वाजते आणि तिचा तीव्र स्वर पाण्याच्या आवाजांतूनही ऐकूं येतो. तीन वेळां वाजवावी, थांबून कान द्यावा, पुन्हां तीन वेळां वाजवावी. तीनदां केलेली खूण ही संकटाची खूण म्हणून बहुतेक देशांत ओळखली जाते. दिवसा हेंच काम हाताएवढा आरसा करतो. त्याची तिरीप कित्येक मैलांवरून दिसते. शिटी डब्यांत न ठेवतां दोरीनें गळ्यांत बांधावी.

ऊबेसाठीं औषधांच्या दुकानांत मिळणारी पातळ चंदेरी चादर घ्यावी. घडी केली म्हणजे ती रुमालाएवढी होते व वजनास नगण्य असते. ती न मिळाल्यास मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी चालेल. तळास तोंडापुरतें भोंक पाडून ती अंगांत घातली कीं पाऊस व वारा दोन्ही अडतात. मात्र अशी पिशवी लहान मुलाच्या हातीं देऊं नये. काडेपेटीच्या काड्या वितळलेल्या मेणांत बुडवून, घासण्याच्या पट्टीसह लहान घट्ट डबींत ठेवाव्या. जोडीस मेणबत्तीचा तुकडा असावा. परंतु एक गोष्ट येथें निक्षून सांगितली पाहिजे. अभयारण्यांत आग लावणें व परवानगीवांचून हत्यार नेणें यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. तेव्हां अशा ठिकाणीं काडेपेटी व चाकू बटव्यांतून काढून ठेवावे आणि चादरीवर भिस्त ठेवावी. इतरत्रही उन्हाळ्यांत पाचोळ्याजवळ आग करणें म्हणजे एक जीव वांचवितांना सारें रान जाळणें होय.

पाण्यासाठीं एक लिटर मावेल अशी मजबूत, घडीची पिशवी आणि पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरिनच्या थोड्या गोळ्या घ्याव्या. ओढ्याचें पाणी प्रथम चौपदरी कापडांतून गाळावें, मग वेष्टनावर लिहिल्याप्रमाणें गोळी टाकून अर्धा तास थांबावें. आग करतां आली आणि भांडें असलें तर एक मिनिट खळखळून उकळलेलें पाणी सर्वांत उत्तम. सोबत मीठ-साखरेच्या मिश्रणाच्या दोन पुड्या असाव्या. हें साधें औषध हलकें समजूं नये; १९७१ सालीं बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची सांथ आली असतां डॉ. दिलीप महालनोबिस यांनीं बनगांव येथें ग्लुकोज-मिठाचें पाणी पाजूनच असंख्य रोगी वांचविले. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हें प्रमाण घरांतील प्रत्येकास पाठ असावें.

उजेडासाठीं अंगठ्याएवढी विजेची बत्ती पुरते. तिचे सेल काढून शेजारीं ठेवावे, म्हणजे चुकून कळ दाबली जाऊन ते संपत नाहींत. औषधांत जखमेच्या पट्ट्या, जंतुनाशक मलम, लांब पट्टा आणि ज्याचीं त्याचीं नित्याचीं औषधें दोन दिवसांपुरतीं असावीं. मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्या वडील माणसांनीं हा भाग कधींही विसरूं नये. उरलेल्या जागेंत लहान चाकू, पांच मीटर बळकट दोरी, सुई-दोरा, दोन टांचण्या व थोडे रोख पैसे बसतात. शेवटीं एक कागद: नांव, रक्तगट, औषधांची वावडी आणि घरच्या दोघांचे दूरध्वनि क्रमांक. आमच्या सालेकशापलीकडे मध्यप्रदेश व छत्तीसगड लागतात, म्हणून तो मराठींत व हिंदींत लिहावा.

होकायंत्र मी मुद्दाम वगळलें आहे. रस्ता कोणत्या दिशेस आहे हें ठाऊक नसेल तर उत्तर दिशा कळून उपयोग काय? त्यापेक्षां निघण्यापूर्वीं नकाशा पाहावा. दरेकशाच्या रानांतून मुंबई-हावड्याचा लोहमार्ग जातो. तो आपल्या कोणत्या बाजूस आहे एवढें लक्षांत ठेवलें तर आगगाडीचा आवाजच दिशा सांगतो.

सर्पदंशाची म्हणून विकली जाणारी ब्लेडची व रबराची पेटी तर घेऊंच नये. दंशावर चिरा पाडणें, रक्त चोखणें, घट्ट आवळून बांधणें या तिन्ही गोष्टी अपायकारक ठरल्या आहेत. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवर चालणारी लस आपल्या देशांत तयार होते, परंतु ती डॉक्टरांच्या देखरेखीखालींच टोंचावी लागते. ती बटव्यांत नेतां येत नाहीं. रोग्यास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलूं न देतां फळीनें वा काठीनें बांधावा, १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि सरकारी रुग्णालय गांठावें. मण्यार बहुधा रात्रीं जमिनीवर निजलेल्यांस चावते व तिची खूण दिसतही नाहीं. म्हणून मुक्कामांत भुईवर निजूं नये, आणि निजावेंच लागलें तर मच्छरदाणी गादीखालीं नीट खोंचावी.

वस्तूंइतकीच शिस्तही महत्त्वाची आहे. कोठें जातों व केव्हां परतूं हें मागें राहणाऱ्यास सांगून निघावें. वाट चुकली असें वाटतांच बसावें, पळूं नये. जो एका जागीं थांबतो तो सांपडतो. जो भटकतो त्याचा शोध प्रत्येक तासाला अधिक कठीण होतो. त्या बाईनें आमच्या मुलास हेंच शिकविलें, आणि तेंही एकहि शब्द न बोलतां.

स्त्रियांच्या पोषाखांत बहुधा खिसा नसतो, म्हणून बटवा पुरुषांकडे आणि डबे स्त्रियांकडे अशी वांटणी सहज होते. ती मोडली पाहिजे. संकट कोणावर येईल हें आधीं कळत नाहीं. वहिनींनीं जुन्या खाकी कापडाचे अकरा बटवे शिवले. प्रत्येकास कमरेस बांधण्याची नाडी आहे. दसऱ्यास शस्त्रपूजेच्या पाटावर ते मांडले जातात आणि होळीस पुन्हां उघडले जातात. त्या दोन दिवशीं सेल बदलावयाचे, औषधांच्या मुदती पाहावयाच्या, काड्या ओलसर झाल्या कीं काय तें पाहावयाचें. हें काम आमच्या त्या चिरंजीवाकडे आहे, व तो तें कसोशीनें करतो.

बारावा बटवा आम्ही त्या बाईकडे घेऊन गेलों. तिनें तो उघडून एकेक वस्तु पाहिली. सुई-दोरा, पाण्याची पिशवी आणि बत्ती तिनें आनंदानें ठेवून घेतली. शिटी मात्र मुलाच्या हातांत परत दिली आणि हंसून म्हणाली कीं, आपल्याच घरांत माणूस हरवत नाहीं. ही तुलाच लागेल.

तिचें म्हणणें खरें होतें. तिच्याजवळ रान होतें. आमच्याजवळ फक्त बटवा आहे. म्हणूनच तो विसरून चालत नाहीं.