टॅब, स्पेस आणि टपाल

मेल सर्व्हर बसवायला मी शिकलो तो सेंडमेलवर, पुण्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये. 'सेंडमेल डॉट सीएफ' पहिल्यांदा उघडली तेव्हा कसर लागलेली पोथी हाती आल्यासारखं झालं: डॉलर, तारका, कंस आणि मधूनच एखादा ओळखीचा शब्द. एक नियम दुसऱ्या खिडकीतून उचलून डकवला आणि दोन रात्री वाया घालवल्या. या फाइलीत नियमाची डावी आणि उजवी बाजू टॅबनेच तोडावी लागते, स्पेस चालत नाही. डकवताना टॅबच्या स्पेस झाल्या होत्या, दिसायला मात्र ओळ तश्शीच. शेवटी एका सीनियरने 'कॅट'ला '-टी' लावून फाइल छापली. शेजारच्या ओळींत टोपीवाला 'आय' होता, माझ्या ओळीत नुसती पोकळी.

तेव्हा एरिक ऑलमनला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या. आता देत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलेत त्याने सेंडमेल लिहिला तेव्हा पत्ता लिहायची एकच रीत नव्हती. कुणाचा '@', तर यूयूसीपीवाल्यांची उद्गारचिन्हांची माळ. एका नेटवर्कचा पत्ता दुसऱ्याला कळेल असा फिरवून लिहायचा, म्हणून तो नियमांचा पसारा. पुढे नेटवर्कं एक झाली, पसारा तसाच राहिला. नंतर 'एमफोर'चे मॅक्रो आले. मग 'सीएफ'ला हात न लावता 'एमसी' लिहायची, पण तिथेही उलटं अवतरण कुठे आणि सरळ कुठे, हे पाहताना डोळे फुटायची वेळ.

सगळी कामं एकाच प्रोग्रामकडे, तीही रूटच्या अधिकाराने, ही खरी अडचण होती. नोव्हेंबर 1988 मध्ये नेटवर्कवरून आपणहून पसरणाऱ्या मॉरिस वर्मला आत शिरायला सेंडमेलची डीबगची सोय हा एक दरवाजा मिळाला. क्यूमेल या दुसऱ्या मेल सर्व्हरने नव्वदीत कामं वेगवेगळ्या प्रोग्रामांत वाटली. आयबीएममध्ये असताना वित्से व्हेनेमाने लिहिलेला पोस्टफिक्स डिसेंबर 1998 मध्ये बाहेर आला, त्यानेही तेच केलं. आम्ही पोस्टफिक्सवर गेलो. 'मेन डॉट सीएफ'मध्ये डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे किंमत. माणसाने लिहिल्यासारखी फाइल! रिकामी जागा इथेही सुटत नाही म्हणा. ओळ स्पेसने सुरू झाली की ती आधीच्या ओळीचं शेपूट ठरते.

सोपेपणाने माणूस सैलावतो. एका संध्याकाळी चाचणीपुरतं म्हणून मी, कुणाची मेल पुढे पाठवायची ते ठरवणाऱ्या 'मायनेटवर्क्स'मध्ये सगळं जग लिहिलं आणि घरी गेलो. सकाळी 'मेलक्यू' टाइप केलं, तर यादी थांबेचना. कुणाकुणाची औषधं आणि लॉटऱ्या आमच्या कॉलेजच्या नावाने रात्रभर जात होत्या. 'पोस्टसुपर -डी ऑल' मारून क्यू साफ केली, त्यात परीक्षा विभागाची दोन खरी पत्रंही गेली.

त्या रात्रीमुळे आमचा सर्व्हर स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत गेला, तिथून नाव काढून घ्यायला मात्र कित्येक दिवस लागले. तेव्हापासून माझं काम फाइलीतून बाहेर सरकत गेलं. आज पोस्टफिक्स अर्ध्या तासात उभा राहतो. त्यानंतर मेल खरंच आमचीच हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कच्या नोंदी डीएनएसमध्ये टाका आणि आयपीवरून नाव सांगणाऱ्या उलट्या नोंदीसाठी लाइन पुरवणाऱ्याच्या मागे लागा. परवा ऑफिसातून फोन आला, "सर, मेल पोचली नाही." लॉगमध्ये 'स्टेटस सेंट', शेजारी समोरच्या सर्व्हरचं 250, म्हणजे मेल घेतल्याची पोच. म्हटलं, "त्यांना स्पॅम उघडायला सांगा." तिथेच होती.